नव्या अमेरिकी सरकारात जागा हवी? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत (1789 ते 1820)

फॉर्म नाही, जाहिरात नाही, शेवटची तारीख नाही, परीक्षा तर नाहीच. अर्ज म्हणजे साधं पत्र. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 30 एप्रिल 1789 ला न्यूयॉर्कमध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून माउंट व्हर्ननच्या त्यांच्या घरी असल्या पत्रांचा ढीग पडायला लागला होता. त्यांनी ठरवून टाकलं होतं की आधी कुणालाही शब्द द्यायचा नाही. लोक लिहीतच राहिले.

अर्ज नेमका कुणाकडे?

इथे चूक झाली की सगळा खटाटोप वाया. राज्यघटनेप्रमाणे न्यायाधीश, राजदूत आणि मोठे अधिकारी यांचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट मंजूर करतं. दुय्यम जागांचे अधिकार कायद्याने खातेप्रमुखाकडे देता येतात. कारकुनी हवी असेल तर खात्याच्या सेक्रेटरीला गाठायचं.

सर्वाधिक मागणी बंदरांवरच्या जागांना. 31 जुलै 1789 च्या जकात कायद्याने कलेक्टर, नेव्हल ऑफिसर आणि सर्व्हेयर अशी पदं निर्माण केली. हा कलेक्टर म्हणजे आपला जिल्हाधिकारी नव्हे, जहाजांकडून जकात वसूल करणारा. नेव्हल ऑफिसरच्या नावात नौदल आहे खरं, पण त्याचं काम कलेक्टरच्या हिशेबावर दुसरी नजर ठेवायचं. जहाजांमागे फी आणि वसुलीवर टक्केवारी मिळायची, त्यामुळे गजबजलेलं बंदर मिळालं की नशीब उघडलं.

टपालखात्याचे पोस्टमास्टर मात्र पोस्टमास्टर जनरल नेमायचा. मेरी कॅथरीन गॉडर्ड या बाईंना याचा चटका बसला. 1775 पासून त्या बाल्टिमोरच्या पोस्टमास्टर होत्या. स्वाक्षऱ्या करणाऱ्यांच्या नावांसह स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा छापला तो त्यांच्याच छापखान्याने. 1789 मध्ये त्यांना काढून एका पुरुषाला बसवलं. कारण काय, तर या कामात आता फिरती वाढणार आणि ती बाईला झेपणार नाही. शहरातल्या दोनशेहून जास्त लोकांनी त्यांच्या बाजूने सह्या केल्या, बाईंनी खुद्द वॉशिंग्टन यांना लिहिलं. जानेवारी 1790 मध्ये उत्तर आलं: जिथे माझी नेमणूक लागत नाही तिथे मी हात घालत नाही. बाईंची जागा गेली ती गेलीच.

पात्रता

घटनेच्या सहाव्या कलमानुसार कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालता येत नाही. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, बसून दुसरं संघीय पद घेता येत नाही. अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांना व्यापार, जहाजाची मालकी, सरकारी जमीन आणि सरकारी रोख्यांची खरेदी बंद. लेखी पात्रतेत एवढंच सांगण्यासारखं. न लिहिलेली पात्रता म्हणजे गावात पत, स्वातंत्र्ययुद्धात केलेली सेवा आणि नव्या घटनेला पाठिंबा. राज्यांचा समतोलही पाहिला जाई. नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड यांनी घटना स्वीकारेपर्यंत तिथल्या बंदरांवर नेमणुकांचा प्रश्नच नव्हता.

नातं? उलट अडचण. वॉशिंग्टन यांचा पुतण्या बुशरॉड याला व्हर्जिनियात संघीय सरकारी वकील व्हायचं होतं. काकांनी जुलै 1789 मध्ये कळवलं की जुन्याजाणत्या वकिलांना डावलून तुझं नाव पुढे करावं इतकं तुझं वकिलीतलं स्थान नाही, आणि शिवाय लोक टपून बसलेत. हाच बुशरॉड 1798 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, पण तोवर राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स होते.

कागदपत्रं

स्वतःचं विनंतीपत्र, आणि मान्यवरांची शिफारसपत्रं. वजन दुसऱ्या कागदाला. पत्रात हावरेपणा दिसता कामा नये, म्हणून युद्धात बुडालेला धंदा, घरची खाणारी तोंडं आणि देशसेवेची तळमळ असं सगळं त्यात यायचं. वशिला लावायचा, पण वशिला वाटता कामा नये, ही कसरत मला तरी फार ओळखीची वाटते.

शिफारस कुणाची, हेही बघा. बेंजामिन फिशबर्न यांना वॉशिंग्टन स्वतः युद्धापासून ओळखत होते आणि जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना बंदराच्या नेव्हल ऑफिसरपदासाठी त्यांनी यांचं नाव पाठवलं. 5 ऑगस्ट 1789 ला सिनेटने ते फेटाळलं. राष्ट्राध्यक्षाची ओळख होती, जॉर्जियाचे सिनेटर मात्र राजी नव्हते. वॉशिंग्टन यांनी दुसऱ्याच दिवशी लॅकलन मॅकिंटॉश यांचं नाव दिलं आणि सोबत फिशबर्न यांची कामगिरी सविस्तर लिहून कळवलं की शंका होती तर आधी मला विचारायचं होतं. तेव्हा आपल्या राज्याच्या सिनेटरला विसरू नका.

मंजुरीनंतर

राष्ट्राध्यक्षांची सही, मग परराष्ट्र सेक्रेटरीकडून मोठा शिक्का, आणि मग सनद, म्हणजे नेमणुकीचं पत्र, हातात. शेवटचा टप्पा किरकोळ समजू नका. मार्च 1801 मध्ये अॅडम्स जाता जाता नेमणुका करून गेले. सह्या झाल्या, शिक्के बसले, पण काही सनदा पोचवायच्या राहून गेल्या. नव्या सरकारने त्या दाबून ठेवल्या. विल्यम मार्बरी हे त्यातले एक. 24 फेब्रुवारी 1803 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सनदेवर त्यांचा हक्क आहे, पण थेट या न्यायालयाला तसा हुकूम देता येणार नाही, कारण तो अधिकार देणारं कायद्याचं कलम घटनेत बसत नाही. न्यायालयाचं वजन वाढलं, मार्बरींच्या हाती काही लागलं नाही.

सनद मिळालेल्याने शपथ घ्यायची. पैसा हाताळायचा असेल तर जामीनदारांसह जातमुचलका द्यायचा. जामीन राहणारा कुणी नसेल तर कलेक्टरी विसरा. 1820 च्या कायद्यानंतर कलेक्टर, सरकारी वकील अशा पदांना चार वर्षांची मुदत लागली, म्हणजे दर चार वर्षांनी पुन्हा दारं ठोठावणं आलं.

उत्तर आलं नाही तर?

येणारही नाही. 1804 मध्ये एका नाराज अर्जदाराने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडे तशी तक्रार केली. त्यांनी लिहिलं की ज्याला जागा मिळाली त्याला सनद हेच उत्तर, आणि बाकीच्या एवढ्या सगळ्यांना मी कारणं देत बसलो तर माझा सगळा वेळ त्यातच जाईल. एवढं सांगण्यापुरतं त्या गृहस्थाला उत्तर मिळालं.