बीरशेबाची दौड: १९४० चा चित्रपट कोणता, १९८७ चा कोणता

२३ सप्टेंबर, म्हणजे हैफाच्या लढाईचा दिवस, जवळ आला की आमच्या इतिहासवेड्या मित्रमंडळीत एक क्लिप हमखास फिरते. उजाड माळ, धुळीचे लोट, शेकडो घोडे चौखूर उधळलेले, समोरून तोफांचा मारा. खाली लिहिलेलं असतं, ‘हैफा, १९१८, आपले शूर जवान’. पाहताना अंगावर काटा येतो हे खरं, पण ते हैफा नाही आणि ते स्वार भारतीयही नाहीत. ते ऑस्ट्रेलियाच्या लाइट हॉर्सचे स्वार आहेत, लढाई बीरशेबाची आहे, तारीख ३१ ऑक्टोबर १९१७. आणि क्लिप चित्रपटातली आहे.

इथवर समजावलं की पुढचा घोळ सुरू होतो, कोणत्या चित्रपटातली? कारण या एकाच दौडीवर ऑस्ट्रेलियात दोन मोठे चित्रपट निघाले. चार्ल्स शोवेल यांचा ‘फोर्टी थाउजंड हॉर्समेन’ १९४० चा, आणि सायमन विन्सर यांचा ‘द लाइटहॉर्समेन’ १९८७ चा. नावं सारखी, गणवेश सारखा, शेवटची दौडही तीच. त्यामुळे एकाची कथा दुसऱ्याच्या नावावर खपते.

आधी घडलं काय ते पाहू. पॅलेस्टाइनमध्ये तुर्कांच्या ताब्यात असलेलं बीरशेबा म्हणजे विहिरींचं गाव. ब्रिटिश सेनापती जनरल ॲलनबी यांना तुर्कांची गाझाची फळी बाजूने फोडायची होती आणि त्यासाठी ते पाणी त्याच दिवशी हाती यायला हवं होतं. दिवसभर पायदळ आणि न्यूझीलंडचे स्वार लढले, दुपारी तेल एस्-सबाची टेकडी पडली, पण गाव पडेना. घोडे रात्रभर चालून आलेले, तहानेने व्याकुळ, आणि सूर्य मावळतीला. तेव्हा स्वारांचे सेनापती जनरल हॅरी शोवेल यांनी ४ थ्या लाइट हॉर्स ब्रिगेडला सरळ गावावर सोडलं. साडेचारच्या सुमारास ४ थ्या आणि १२ व्या रेजिमेंटचे सुमारे ८०० स्वार निघाले. आधी दुडकी, मग वेग, मग बेफाम. समोर खंदक होते, पण काटेरी तारा नव्हत्या. तुर्कांनी बंदुकांचा पल्ला लांबचा लावला होता, घोडे इतक्या वेगाने अंगावर आले की तो खाली आणायचं भान बहुतेकांना राहिलं नाही आणि गोळ्या डोक्यावरून गेल्या. ३१ जण मारले गेले, ३६ जखमी झाले आणि अंधार पडता पडता विहिरी हातात आल्या.

आता मुख्य गोष्ट, जी समजली की दोन्ही चित्रपट वेगळे दिसू लागतात. लाइट हॉर्स हे खरं तर घोडदळ नव्हतंच. ते घोड्यावरून जाणारं पायदळ. लढाईच्या जागेजवळ पोचायचं, खाली उतरायचं आणि रायफल घेऊन पायी लढायचं. चौघांची एक तुकडी असे. उतरल्यावर तिघे पुढे जात आणि चौथा चारही घोड्यांचे लगाम धरून मागे आडोशाला थांबे. त्यांच्याकडे ना भाला, ना तलवार. म्हणून त्या संध्याकाळी रायफल पाठीवर टाकून स्वारांनी नुसती संगीन हातात धरली आणि तिचीच तलवार केली. दौड पायदळाने केली, घोड्यावर बसून. एवढ्या एका गोष्टीने मी या लढाईच्या प्रेमात पडलो, हे उघडच सांगतो.

१९८७ च्या चित्रपटाचा सगळा सांगाडा त्या चौघांवर उभा आहे. सुरुवातीला तुकडीतला फ्रँक जखमी होऊन मरतो आणि त्याच्या जागी डेव्ह हा कोवळा पोरगा येतो. टॅस, स्कॉटी आणि चिलर या तिघा मुरलेल्यांना तो आधी आपला वाटत नाही. डेव्ह घोड्यावर पटाईत आहे, पण माणसावर नेम धरला की त्याचं बोट ट्रिगरवर अडतं. तुकडीतला चौथा असा असेल तर बाकीच्या तिघांचा जीव टांगणीला लागतो, आणि हे चित्रपट फार प्रामाणिकपणे दाखवतो. पुढे तो वैद्यकीय पथकात जातो. ॲन नावाची परिचारिका त्याच्या आयुष्यात येते, पण प्रेमकथा चित्रपट गिळून टाकत नाही.

१९४० च्या चित्रपटात मित्र तीन आहेत, रेड, जिम आणि लॅरी. क्लिपमध्ये तिघांची मस्ती आणि दंगा दिसला तर तो जुना चित्रपट समजावा. तिथली नायिका झुलिएट ही फ्रेंच मुलगी, बापाला जर्मनांनी मारल्यावर अरब मुलाचा वेश घेऊन वावरणारी. रेडची आणि तिची गाठ पडते आणि मग साहस, वेशांतर, सुटका असा सगळा जुन्या पडद्याचा मसाला येतो. खलनायक ठळकपणे जर्मन आहेत. त्याचं कारण तारखेत आहे. १९४० मध्ये ऑस्ट्रेलिया पुन्हा जर्मनीशी लढत होता, तुर्कस्तान तटस्थ होता, आणि ऑस्ट्रेलियाची नवी स्वयंसेवक फौज त्याच पॅलेस्टाइनात कवायती करत होती. बापांची गोष्ट मुलांना सांगणारा हा चित्रपट होता, ‘आता तुमची पाळी’ असं म्हणणारा. १९८७ च्या चित्रपटाला कुणाला भरती करायचं नव्हतं. म्हणून तिथे पलीकडच्या बाजूलाही चेहरा मिळतो. बीरशेबा राखणारे इस्मत बे, म्हणजे पुढे तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले इस्मत इनोनू, हे त्यात एक पात्र आहेत.

स्वयंसेवक हा शब्द इथे नुसता शोभेचा नाही. पहिल्या महायुद्धात परदेशी लढलेली ऑस्ट्रेलियन फौज पूर्णपणे स्वेच्छेची होती. सक्तीच्या भरतीसाठी सरकारने ऑक्टोबर १९१६ आणि डिसेंबर १९१७ अशी दोनदा जनतेची मतं घेतली आणि जनतेने दोन्ही वेळा नकार दिला. बीरशेबा या दोन नकारांच्या मधे आहे. सुरुवातीला गावाकडचा तरुण स्वतःचा घोडा घेऊन भरतीला येई आणि घोडा पसंत पडला तर सरकार तो विकत घेई. आपल्या भाषेत सांगायचं तर येताना शिलेदार, आणि आत शिरल्यावर बारगीर. मराठ्यांच्या फौजेतला हा शिलेदार शब्द इंग्रजांनीही उचलला होता. हिंदी रिसाल्यांत स्वाराने स्वतःचा घोडा आणायच्या पद्धतीला ते ‘सिल्लादार’ म्हणत आणि पूना हॉर्स ही तशीच पलटण. १९१८ मध्ये पूना हॉर्स पॅलेस्टाइनात याच हॅरी शोवेल यांच्या हाताखाली होती.

शोवेल नावावरूनही गल्लत होते. जनरल शोवेल हे काका, १९४० चा चित्रपट काढणारे चार्ल्स हे पुतणे. १९८७ च्या चित्रपटात काका पात्र म्हणून भेटतात. आणि जुन्या चित्रपटाच्या नावातला ‘चाळीस हजार’ हा आकडा दौडीचा समजू नका, दौडले ते आठशेच.

दौडीचं चित्रण हा मात्र खरा तुलनेचा भाग. जुना चित्रपट कृष्णधवल, नवा रंगीत, हा फरक सगळ्यांना कळतो, पण हल्ली रंगीत क्लिपचेही रंग काढून ती ‘अस्सल’ म्हणून फिरवतात. म्हणून जमीन पाहावी. चार्ल्स शोवेल यांनी आपलं वाळवंट सिडनीजवळच्या क्रोनुलाच्या समुद्रकाठी उभं केलं, तिथे पांढऱ्या वाळूच्या उंच टेकड्या आहेत. सिनाईच्या वाळवंटातल्या प्रसंगांना त्या शोभतात, पण बीरशेबाचा माळ असा नव्हता, तो कडक आणि धुळीचा. विन्सर दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉकरच्या रखरखीत पट्ट्यात गेले आणि त्यांना ती धूळ मिळाली. छायाचित्रकार होते डीन सेमलर. त्यांचा कॅमेरा घोड्यांच्या पायाशी बसतो, मग स्वाराच्या मुठीशी येतो, आणि संगीन किती तोकडी आहे ते तिथे कळतं. भरधाव घोड्यावरून वाकल्याशिवाय तिचं टोक खंदकातल्या माणसापर्यंत पोचायचं नाही.

तरी जुन्या दौडीला एक मोल आहे, जे नव्याला मिळणं शक्य नव्हतं. १९३८ मध्ये सिडनीत वसाहतीच्या दीडशे वर्षांचा सोहळा होता आणि त्यासाठी लाइट हॉर्सचे स्वार शहरात आले होते. शोवेल यांनी ती संधी साधून दौड आधीच चित्रित करून घेतली, चित्रपटाचा पैसा उभा राहायच्याही आधी. कॅमेऱ्यामागे होते फ्रँक हर्ली, पहिल्या महायुद्धात फौजेबरोबर फिरलेले छायाचित्रकार. म्हणजे त्या पडद्यावर घोडा फेकणारे एक्स्ट्रा नट नव्हेत, नोकरीतले स्वार आहेत. त्यांची बैठक पाहा, लगाम हातात किती सैल आहे ते पाहा. पुढे ही पलटणच यंत्रांवर गेली.

नव्या चित्रपटावर एक सावली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटी झालेला जॉन ब्लेक हा उमदा नट चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी मोटार अपघातात सापडला. मेंदूला जबर इजा झाली आणि तो पुन्हा कधी काम करू शकला नाही. २०११ मध्ये तो गेला. पडद्यावरचं त्याचं खळखळून हसणं पाहताना दर वेळी हे आठवतं.

मला विचाराल तर १९८७ चा आधी पाहा, कारण लढाई समजते ती त्यातच. मग १९४० चा, कथेकडे फार लक्ष न देता, स्वारांसाठी.

आणि पुन्हा कुणी ‘हैफा’ म्हणून क्लिप पाठवली, तर ती थांबवून हात आणि डोकं पाहा. मुठीत संगीन आणि टोपीला एमूच्या पिसांचा तुरा असेल तर तो बीरशेबाचा ऑस्ट्रेलियन. हैफावर २३ सप्टेंबर १९१८ ला चालून गेले ते जोधपूर आणि म्हैसूरचे लान्सर, डोक्याला फेटे आणि हातात लांब भाले. जोधपूरच्या स्वारांचे मेजर दलपतसिंह शेखावत त्या दिवशी धारातीर्थी पडले. त्यांच्यासाठी त्यांचंच छायाचित्र पाठवावं, दुसऱ्यांच्या चित्रपटाचा तुकडा नको.