सांधा बदलणं आणि धक्का देणं

नाशिकरोडच्या यार्डात मालगाडीचा एक रिकामा डबा, म्हणजे वाघीण, सुटली आहे, असं धरा. पुढे रुळांवर पाच गँगमन वाकून काम करताहेत, हाक त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. तुमच्या हाताशी सांध्याचा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचा, दांडा आहे. ओढला तर वाघीण बाजूच्या रुळावर जाईल, पण तिथेही एक जण आहे.

आता दुसरा प्रसंग. दांडाबिंडा काही नाही. तुम्ही पादचारी पुलावर, शेजारी पाठीवर जड बोजा घेतलेला प्रवासी. त्याला खाली ढकललं तर वाघीण अडेल, पाच वाचतील.

पहिल्यासारखा प्रसंग तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडला, त्यात ट्रामचा चालक होता. पुलावरचा माणूस ज्युडिथ जार्विस थॉमसन या दुसऱ्या तत्त्वज्ञ बाईंनी १९७६ मध्ये आणला. दांडा ओढू म्हणणारे पुष्कळ भेटतात, ढकलू म्हणणारे थोडे. हिशेब तर दोन्हीकडे तोच!

‘हाताने ढकलणं क्रूर वाटतं’ हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. प्रवाशाच्या पायाखालची फळी कळ दाबून उघडली, तर काय फरक पडला? खरा प्रश्न वेगळा: तो एकटा माणूस तिथे नसताच, तर? सांध्याच्या प्रसंगात पाचही जण वाचले असते, उलट बरंच झालं असतं. पुलावर मात्र तो नसेल तर बेतच उरत नाही.

गंगापूर धरणाचं बघा. धरण भरत आलं की विसर्ग वाढवतात, गोदेचं पाणी चढतं, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावर नाशिककर पूर मोजतात आणि काठावरच्या टपऱ्या उचलायची धांदल उडते. पाणी सोडणाऱ्याला काठावर कोणी नकोच असतं. म्हणून तर आधी इशारे देतात. याउलट पूल टिकावा म्हणून पायात माणूस पुरल्याच्या जुन्या कथा आठवा. तिथे माणूस पळाला तर सगळंच फसतं.

ही कसोटी सगळीकडे चालते असं नाही. थॉमसन यांनीच १९८५ मध्ये बाजूचा रूळ वळवून पुन्हा पाच जणांकडे आणला. आता त्या एकाच्या देहानेच गाडी थांबते, तरी सांधा बदलायला हरकत नाही, असं त्यांना तेव्हा वाटत होतं. मला अजून ते नीट पचलेलं नाही.

आपल्या कायद्यात हा पेच फूट यांच्या शंभर वर्षं आधीपासून आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८१, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९. त्यातलं उदाहरण आगबोटीच्या कप्तानाचं: समोर वीस-तीस प्रवाशांची होडी, दिशा बदलली तर दोघांची होडी धोक्यात. त्याची काही चूक नसेल, दोघांना बुडवायचा हेतू नसेल आणि धोका तेवढाच मोठा असेल, तर तो गुन्हेगार नाही. पण बारकाईने वाचा: दुसरी होडी चुकवता येण्याची शक्यता कायद्याने ठेवली आहे. रुळावरच्या माणसाला ती सवलत नाही.

आणि १८८४ चा इंग्लंडमधला खटला. मिन्योनेट नावाची नौका बुडाल्यावर होडीत चौघे उरले. डडली आणि स्टीफन्स यांनी सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्करला मारलं, त्याचं मांस खाऊन तिघे जगले. हा सरळ पुलावरचा प्रसंग, कारण पार्कर नसता तर खायलाच काही नव्हतं. न्यायालयाने गरजेचा बचाव फेटाळून दोघांना फाशी सुनावली. पुढे ती शिक्षा सहा महिन्यांच्या कैदेवर आली.