माऊस घेताना आधी चाक फिरवून बघा

खोक्यावरचा डीपीआयचा आकडा (माऊस एक इंच हलवला की कर्सर किती पिक्सेल सरकतो तो) रेकॉर्डिंगवाल्याच्या फारसा कामाचा नाही. आवाज कापायची नेमकी जागा सापडते ती झूममुळे.

हिशोब बघा. झाडीपट्टीतल्या नाटकाचं पाच मिनिटांचं गाणं 44,100 हर्ट्झवर रेकॉर्ड केलं की 1 कोटी 32 लाखांवर सॅम्पल, म्हणजे आवाजाची सेकंदाला 44,100 वेळा घेतलेली मापं, होतात. स्क्रीन आडवी 1,920 पिक्सेलची. अख्खं गाणं स्क्रीनवर मावलेलं असताना एकेका पिक्सेलमागे जवळपास 6,900 सॅम्पल, म्हणजे सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा. खंजिरीची अख्खी थाप त्यात लपते. माऊस 16,000 डीपीआयचा असला तरी त्या पिक्सेलच्या आत शिरू शकत नाही. 800 ते 1,600 पुष्कळ झाले.

म्हणून चाक महत्त्वाचं. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल दाबून फिरवलं की झूम होतं, शिफ्ट दाबून फिरवलं की ट्रॅक आडवा सरकतो. रीपर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या चाकानंच झूम होतं. चाक खाचांवर अडत फिरणारं घ्या, गुळगुळीत चाक हवं तिथं थांबत नाही. दुकानातच एखादी लांबलचक फाईल उघडून हळूहळू खाली जा. मध्येच वर उडी मारली तर तो माऊस परत ठेवा.

बटणाचा रोग वेगळा. आतल्या स्विचची पत्ती झिजली की एका दाबाचे दोन क्लिक होतात. ऑडॅसिटीत डबल क्लिकनं पूर्ण क्लिप निवडली जाते. वर डिलीट दाबलं की अख्खं कडवं गायब. (कंट्रोल-झेड आहे म्हणून बरं.)

माईक त्याच खोलीत असेल तर कमी आवाजाच्या बटणांचा माऊस घ्या, किंवा ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग कीबोर्डवरचं आर दाबून सुरू आणि स्पेसबारनं बंद करा. वायरलेस माऊस अडखळत असेल तर त्याचा रिसीव्हर यूएसबी 3.0 हार्ड डिस्कच्या शेजारी खोचलाय का, ते पाहा. त्या पोर्टचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. रिसीव्हर एक्स्टेन्शन केबलनं दूर न्या. टेबल नसेल, खाटेवर बसूनच काम असेल, तर ट्रॅकबॉल बरा. तो जागचा हलवावा लागत नाही.

घरात कापूस भरून ठेवलेला असतो त्या दिवसांत कर्सर थरथरू लागला, तर माऊस उलटा करा. सेन्सरच्या भोकात तंतू अडकलेला असतो. तो रबरी ब्लोअरनं उडवा. कानकाडी घालू नका, तिच्या टोकालाही कापूसच असतो.