ओलशोध, सपाट छतांतील

सपाट छताच्या थरांत मुरलेले पाणी छत न फोडता संवेदकांनी हुडकण्याची तंत्रे. सोलापूर परिसरात त्यांचा संबंध दोन प्रकारच्या छतांशी येतो : जुनी माळवदे (मातीची सपाट छते) आणि ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) केलेले स्लॅब.

‘माळवद’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही जण ती प्राकृत ‘माल’ (वरचा मजला) या शब्दाशी जोडतात, तर काही कन्नड ‘माळिगे’शी. सोलापूरची द्विभाषिक बोली पाहता दुसरे मत अधिक जवळचे वाटते. पण मराठी ‘माळा’ दोन्हींशी जुळतो. ही बांधणी शहरात कापडगिरण्या येण्याच्या (१८७०चे दशक) आधीची असावी.

तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची रचना असते. पावसाळ्यापूर्वी नवी माती पसरतात. पाणी पन्हळीतून बाहेर पडते. नेमकी ही मातीच उपकरणांना चकवते. विद्युत्‌रोध मोजणाऱ्या दोन सुयांच्या मापकाला क्षार आणि पाणी यांतला फरक कळत नाही. जुन्या वस्तीच्या पांढरीत क्षार मुरलेले असल्याने किंचित दमट मातीही चिंब दिसते. विद्युत्‌धारिता मोजणारा धारितामापक पाण्याच्या उच्च परावैद्युतांकावर (पदार्थ विद्युत्‌क्षेत्रात किती ऊर्जा साठवतो त्याचे माप) चालतो (पाणी सुमारे ८०, कोरडे बांधकाम साहित्य साधारण १०च्या आत). क्षारांचा त्याला त्रास कमी, पण तो फार खोल पाहत नाही. म्हणून सुया मातीत न खुपसता तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाजवळ लाकडात रोवणे बरे. लाकडातील ओल २०%च्या वर टिकली, तर बुरशीने कुजण्याचा धोका असतो.

स्लॅबवर पृष्ठभागाच्या तापमानाचे चित्र टिपणारा अवरक्त कॅमेरा उपयोगी पडतो. पाण्याची विशिष्ट उष्णता काँक्रीटच्या चौपटीहून अधिक असल्याने ओला भाग सूर्यास्तानंतर उशिरा निवतो व उबदार ठिपका दिसतो. मात्र पृष्ठभाग कोरडा, आकाश निरभ्र आणि वारा मंद हवा. सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरात असल्याने ऑक्टोबरातील संध्याकाळ सोयीची. दिवसभर वाळत घातलेल्या चादरीखालची जागा थंड चौकोन म्हणून उमटते, हे नवख्याने ध्यानात ठेवावे. जाड मातीच्या माळवदावर हे चित्र पुसट येते.

खालच्या डागावरून गळतीची जागा ठरवू नये. कोब्याखाली शिरलेले पाणी उताराने बरेच लांब जाऊन टपकते. किरणोत्सारी स्रोतातून न्यूट्रॉन सोडणारा न्यूट्रॉन मापक पाणी नव्हे, तर हायड्रोजन मोजतो; तो डांबरातही असल्याने डांबरी थरातही आकडा चढतो. शिवाय या स्रोतासाठी परवाना लागतो. कोणत्याही यंत्राचा आकडा पडताळायचा तर नमुना काढून १०५° से. तापमानाला वाळवून तोलतात.