‘पूर्ण’ कोण म्हणणार?
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये आम्हाला हे वारंवार दिसतं. संगणकावर जॉबसमोर ‘पूर्ण’ असतं आणि माल अजून हीट ट्रीटमेंटवाल्याकडेच (भट्टीत तापवून धातू कठीण करणाऱ्याकडे) असतो. सुपरवायझर खोटं बोलत नाही. शिफ्ट सुटायच्या घाईत त्याने सगळ्यांवर टिक केलेली असते.

वर्कशॉपमधल्या कामांचा माग ठेवणारी जी संगणकीय पद्धत आम्ही बसवतो, तिच्यात ही टिकच नाही. कामाची स्थिती कोणी लिहीत नाही, ती नोंदींवरून ठरते. समजा, २०० शाफ्ट हार्डनिंगला गेले. इनवर्डला (माल आत घेण्याच्या नोंदीत) २०० नग जमा झाले, क्यूसीने (गुणवत्ता तपासणाऱ्याने) हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, नोंदवली आणि ती ड्रॉइंगच्या मर्यादेत बसली, की ‘हार्डनिंग पूर्ण’. १९६ आले तर ‘अंशतः’, आणि राहिलेले ४ नग कोणत्या चलनावर (माल बाहेर पाठवतानाच्या कागदावर) आहेत तेही समोर दिसतं.

सगळ्यात जास्त गफलत रिकाम्या रकान्यात होते. हार्डनेस लिहिली नाही म्हणजे माल नापास नाही, पण पास तर मुळीच नाही. म्हणून ‘तपासणी बाकी’ ही स्थिती आम्ही वेगळी ठेवतोच. क्यूसीने नंतर रीडिंग दुरुस्त केलं तर? माल गेटबाहेर जाईपर्यंत काम पुन्हा उघडलंच पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

नोंद बदलली की नियम लगेच तपासला जातो. पण काही स्थिती कोणी काही न करताही बदलतात. जीएसटीत जॉबवर्कला (बाहेरच्याकडून काम करून घ्यायला) पाठवलेला कच्चा माल १ वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. तसं झालं नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरतात आणि कर व्याजासकट अंगावर येतो. इथे फक्त तारीख पुढे सरकत असते. त्यामुळे उघडी (माल अजून परत न आलेली) चलनं रोज रात्री तपासली जातात आणि ११ वा महिना लागला की चलन लाल होतं.

या सगळ्या नियमांचा आराखडा आम्ही बीपीएमएन २.० या, कामाचे टप्पे चित्रात दाखवणाऱ्या चिन्हपद्धतीत काढतो. ती २०११ पासून प्रमाणित आहे, त्यामुळे उद्या सॉफ्टवेअरवाला बदललात तरी आराखडा त्यालाही वाचता येईल. त्यात दुहेरी वर्तुळात ओळी आखलेला कागद दिसला, की समजा: अट खरी ठरेपर्यंत काम तिथे थांबतं.

मालकाला स्थिती हाताने बदलता येते, पण कारण लिहूनच.

पहिल्या बैठकीला मागच्या ३ महिन्यांची चलनं आणि जॉबकार्डं आणा. तेलाचे डाग असले तरी चालतील, नव्याने लिहून आणू नका. सुपरवायझरलाही सोबत बसवा, कारण नियम आम्हाला त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे आहेत.