दह्याचा तांब्या आणि रॉकीची हनुवटी

परवा रात्री 'रॉकी' हा बॉक्सिंगवरचा सिनेमा पुन्हा पाहिला. शेवटच्या लढतीत त्याच्या डोक्यावर किती ठोसे बसतात ते या वेळी मोजायचं ठरवलं होतं, पण थोड्याच वेळात नाद सोडला. एवढे खाऊनही हा बाबा पंधराव्या फेरीनंतर उभा असतो आणि मैत्रिणीला हाका मारतो!

ज्या लढतीवरून ही कथा सुचली ती २४ मार्च १९७५ची. महंमद अलीसमोर होता चक वेपनर, पोटापाण्यासाठी दारूचा विक्रेता. नवव्या फेरीत त्याने अलीला खाली पाडलंसुद्धा. पण पंधरावी फेरी संपायला १९ सेकंद उरले असताना पंचांनी लढत थांबवली. सिनेमाने ते १९ सेकंद नायकाला बहाल केले. तेवढी सूट द्यायला माझी हरकत नाही.

माझी तक्रार रक्ताबद्दल आहे. फुटलेली भुवई, मिटलेला डोळा, हे रंगभूषाकार हुबेहूब करतात. पण भुवईला टाके घातले की काम भागतं. खरी मोडतोड आत होते आणि तिथे कॅमेरा पोचत नाही.

घट्ट विरजलेल्या दह्याचा तांब्या घ्या. तो सरळ पुढे ढकलला तर दही फारसं हलत नाही. आता तोच तांब्या झटक्यात गर्रकन फिरवा. भांडं फिरतं, दही मागे राहतं आणि कडेपासून तुटायला लागतं. मेंदूचंही असंच. ऑक्सफर्डमधल्या होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये हे मांडलं: मेंदू दाबला जायला पाण्याइतकाच कठीण, पण त्याचे थर एकमेकांवरून सरकवायला अगदी सोपे. कवटीच्या आकारात जिलेटिन भरून त्याने ते पडताळलंही. म्हणून कपाळावरच्या सरळ ठोशापेक्षा हनुवटीच्या कडेला बसलेला हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, घातक. मान हा खुंटा, हनुवटी त्यापासून लांबचं टोक. तिथे धक्का बसला की डोकं गर्रकन वळतं. १९८५ मध्ये एका ब्रिटिश हेवीवेट बॉक्सरचा ठोसा मोजला, तेव्हा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर भरला आणि जोर ४०० किलो वजनाएवढा.

या ओढाताणीत चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. त्यांच्या पडद्यातून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. ते पूर्ववत करायला पेशीतले पंप जादा ऊर्जा मागतात आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. अशा उपाशी पेशींवर दुसरा ठोसा बसला की हिशेब आणखी बिघडतो. वर्षानुवर्षं हे चाललं तर टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. बॉक्सरांच्या अडखळत्या चालीचं आणि बोलण्याचं वर्णन मार्टलंड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच केलं होतं.

आणि हे ठोसे फक्त लढतीत बसत नाहीत. सरावात साथीदाराबरोबर जे स्पारिंग चालतं, त्यातही बसतात. सिनेमातल्या तयारीत मात्र धावणं, पायऱ्या आणि मांसाच्या लगडींवर ठोसे. वर ती कच्ची अंडी! जिममधले दादा आजही ती गटागट पितात. १९९८च्या एका बेल्जियन अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली जेमतेम ५१. आम्लेट खा, बाबांनो.

मग हेल्मेट का नाही घालत? घालत होते. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मेरी कोमने कांस्यपदक जिंकलं ते हेडगार्ड घालूनच. त्याने भुवया वाचतात. डोक्याचं गर्रकन वळणं मात्र फारसं थांबत नाही. पुढच्याच वर्षी मोठ्या स्पर्धांतून पुरुषांचं हेडगार्ड काढलं गेलं आणि २०१६मध्ये रिओला पुरुष उघड्या डोक्यानेच लढले. सिनेमावाल्यांनी ते कधीच काढलं होतं, पण त्यांचं कारण वेगळं. हेडगार्डमध्ये हिरोचा चेहरा दिसत नाही.