झाड कुणाचं?

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला नायजर हा देश आहे. तिथल्या माराडी आणि झिंदर या भागांत बाजरी-ज्वारी पिकते. पाऊस जेमतेम, जमीन रेताड. १९७० च्या दशकातल्या दुष्काळांनंतर ही शिवारं उजाड झाली. वारा सुटला की कोवळी रोपं वाळूखाली गाडली जात आणि एकाच हंगामात पुन्हा पुन्हा पेरावं लागे.

दुष्काळ आणि वाढती लोकसंख्या ही कारणं खरीच, पण आणखी एक कारण कायद्यात दडलेलं होतं. फ्रेंच राजवटीपासून चालत आलेल्या नियमांनुसार शेत शेतकरी कसायचा, पण त्यातलं झाड सरकारचं. स्वतःच्याच शेतातली फांदी तोडली तरी दंड व्हायचा. मग झाड वाढू देण्यात त्याचा फायदा काय? पेरणीआधी शेत साफ करताना तो प्रत्येक फुटवा छाटून टाकायचा. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्याचं फळ आपलं नाही आणि ज्याचा दंड मात्र आपल्याला, असं रोप कोण सांभाळेल?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माराडीत काम करणाऱ्या टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आलं, की शेतातली खुरटी झुडपं ही झुडपं नाहीतच. ते तोडलेल्या झाडांच्या खुंटांना आलेले फुटवे आहेत. जमिनीखाली मुळांचं जाळं जिवंत होतं. नव्या रोपाला ओलावा शोधत खोल जायला वर्षं लागतात. हे फुटवे मात्र जुन्या मुळांच्या जोरावर झपाट्याने वाढतात. म्हणून प्रत्येक खुंटावर काही जोमदार फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे. रोपवाटिका नको, पाणी घालणं नको. पण हे तंत्र एकाच गोष्टीवर उभं आहे : शेतकऱ्याने फुटवा राखायचं ठरवलं पाहिजे.

आणि तो राखू लागला, कारण वनखात्याची पकड हळूहळू सैल झाली. राखलेल्या झाडाचं सरपण आपल्याला विकता येतं, दंड होत नाही, हे दिसल्यावर गावागावांत लोक फुटवे राखू लागले. नवा वनकायदा २००४ मध्ये आला. तोवर शिवारं बरीच हिरवी झाली होती. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, की वागणं बदलायला कागदाआधी हक्काची खात्री पुरली. पुढे उपग्रहचित्रांच्या आधारे अभ्यासकांनी केलेल्या अंदाजानुसार सुमारे ५० लाख हेक्टरांवर २० कोटींच्या आसपास झाडं उभी राहिली.

यातलं ‘गाओ’ हे झाड तर शेतकऱ्याच्या फारच सोयीचं. बाभळीच्या नात्यातलं हे झाड पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं. त्यामुळे पिकाला ऊन मिळतं, मुळांवरच्या जिवाणूंमुळे जमिनीत नत्र साठतं, आणि चारा संपतो तेव्हा गुरांना शेंगा मिळतात.

हक्काला दुसरी बाजूही आहे. शेतकऱ्याची मालकी पक्की होते, तेव्हा पूर्वी त्याच शिवारातून गुरं चारत जाणाऱ्या फुलानी पशुपालकांचं काय, हा प्रश्न नायजरमध्ये अजून धगधगतो.

आपल्याकडे मालकीच्या जमिनीतला साग तोडायलाही परवानगी लागते. बांबूला मात्र केंद्राने २०१७ मध्ये, वनक्षेत्राबाहेर वाढलेला असेल तर, कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळलं. पण जो दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीवर, वर्षाच्या खंडाने कसतो, त्याला असल्या सुधारणेचा उपयोग नाही. पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे असेल की नाही, हेच त्याला ठाऊक नसतं. बांधाला माती घालणं किंवा आंब्याचं कलम लावणं त्याला परवडत नाही. खंडाची मुदत काही वर्षांची, लेखी आणि लावलेल्या झाडाचा मोबदला देणारी केली, तरच तो लावेल.